दुखण्याची शिकवणी

१२ नोव्हेंबर. बुधवारी मी कामावर जात नाही, त्यामुळे भाजी निवडायचं काम त्या दिवशी असतं. मेथीची जुडी सोडून बसले होते. नवरा समोरच लॅपटॉप उघडून काम करत होता. त्याला रुग्णालयातून फोन आला. उन्हाळ्यात तिथे त्याचं पित्ताशय काढलं होतं; उपचारांबद्दल तो समाधानी आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्याने फोन स्पीकरवर टाकला, कारण त्याचं डच अडलं की पुढचं मी बोलते.

फोनवरच्या बाई सावकाश विचारत होत्या. शस्त्रक्रिया करणं किंवा थांबून पाहणं, दोन्ही पर्याय समजावले होते का? हो. निर्णय तुमचा होता का? त्याने माझ्याकडे पाहिलं. हो. पोटात दुखायचं थांबलं का?

"थांबलं," तो म्हणाला.

आदल्याच दिवशी जेवण झाल्यावर तो पोट दाबून जिन्याच्या पायरीवर बसला होता.

इथे आलेल्या मराठी माणसाला सायकल घ्यायच्या आधी एक सल्ला मिळतो: डच डॉक्टरला दुखणं वाढवून सांगायचं, नाहीतर पॅरासिटामॉल घ्या म्हणतात आणि घरी पाठवतात. मीही तो कितीतरी जणींना दिला आहे. नवऱ्याचं पोट जेवल्यावर फुगायचं, जळजळायचं. सोनोग्राफीत खडे दिसले. आमची फॅमिली डॉक्टर म्हणाली, खडे पुष्कळांना असतात, त्रास त्यांचाच असेल असं नाही. मला ती टाळाटाळ वाटली. मी हट्टाने तिच्याकडून सर्जनकडे जायची चिठ्ठी घेतली, खड्यांचं दुखणं कसं असतं ते वाचून काढलं आणि जाताना गाडीत त्याची तयारी करून घेतली.

"उजव्या बरगडीखाली कळ येते म्हण. पाठीत जाते म्हण. एका जागी बसवत नाही म्हण."

"अगं, पण मला बसवतं."

"मग बस घरी पॅरासिटामॉल खात."

शिकवलेलं सगळं त्याने सर्जनला सांगितलं. तरी तिने समजावलं, दुखणं अशा कळांचं नसेल तर पित्ताशय काढूनही ते राहू शकतं. मग त्याला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" उत्तर मी दिलं. ती त्याच्याकडे बघत थांबली, तेव्हा त्याने मान हलवली.

जे ऐकलं त्यावरून तिने योग्यच केलं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, जखमा भरल्या. जळजळ होती तशीच राहिली, आणि मी तो विषयच काढत नव्हते.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "खोटं का सांगितलंस?"

"विचारलं की काय सांगायचं, हे तूच शिकवलंस ना?"

"थट्टा पुरे."

"बरं. अगं, तू इथे बसलेली असताना मी काय सांगणार होतो? बायकोने कापायला लावलं म्हणून?"

तो चिडला असता तर मलाही भांडता आलं असतं. पण चिडला नव्हता. माझं मन राखायला तो दुखणं अंगावर काढत होता, आणि थांबलं म्हणून सांगितल्यावर ते कशाचं आहे हे आता कोणी शोधणारही नव्हतं. मी मेथी तशीच ठेवली आणि उद्या डॉक्टरकडे जायचं, असं त्याला बजावलं. तो म्हणाला, "चला, पुन्हा क्लास."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडताच मी फोन केला. मदतनीस मुलीला सांगितलं, दुखणं अजून आहे, काल रुग्णालयाला चुकीचं सांगितलं गेलं आणि ऑपरेशनच्या आधी सर्जनलाही. तिने अकराची वेळ दिली. बरोबर मी येणार का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं. त्याला उठवून वेळ सांगितली आणि मी सायकल काढून कामावर गेले.