बघणाऱ्यांत माझं नाव नको

सरांनी मी केलेली लोखंडी प्लेट उचलली, पंधरा पोरापोरींच्या देखत माझ्यासमोर टेबलावर टाकली आणि विचारलं, "आजोबा, ड्रॉइंग वाचता येतं का तुम्हाला? का नुसतं चित्र बघून करता?"

पोरं हसली. सगळी नाही. माझी नात ऋतुजा खाली बघत बसली. तिचं खाली बघणं जास्त लागलं.

चौथीतनं शाळा सुटली माझी, हे खरं. पण उचगावात माझी लेथ आहे आणि पन्नास वर्षं मी ड्रॉइंग वाचूनच पोट भरलंय. ऋतुजा इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजची पोरं स्पर्धेसाठी रोबो बनवतात, त्याचे भाग मी करून देतो. त्या दिवशी मीटिंग होती ती ड्रॉइंग कुठल्या सॉफ्टवेअरवर काढायची ते ठरवायला. "आबा, भाग तुम्ही करताय, तुम्ही पण या की," म्हणून तिनं मला नेलतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलतो. आणि आधी ही प्लेट निघाली.

रोबोत दोन प्लेटा समोरासमोर, मधे दोन गिअर. साधी प्लेट बाहेर लेझरवर कापून आणलेली. दुसरीत बेअरिंग बसायचं म्हणून ती माझ्याकडं. आता दोन्हीची भोकं जुळेनात. लेझर तर चुकत नाही. मग चुकला कोण? म्हातारा.

खरं सांगतो. भोकं मीच एकमेकांपासून केसभर लांब घेतलती. मुद्दाम. ड्रॉइंगातल्या अंतरावर गिअर बसवले असते तर दातात दात रुतून बसले असते. गिअर माझ्याकडं होते, मी मोजून बघितलं. कुणाला न बोलता दुरुस्त केलं. आमच्यात तसंच असतं. साहेबाची चूक कारागिरानं पोटात घालायची, काम चालवून द्यायचं आणि गप बसायचं. समोरची साधी प्लेट बाहेर कापायला गेलीय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

गप बसायला मला एका कारखान्याच्या मालकाच्या पोरानं शिकवलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. तो नवीन शिकून आलेला. त्याच्या ड्रॉइंगातला चुकलेला आकडा मी बोट ठेवून दाखवला. त्यानं त्या ड्रॉइंगची गुंडाळी केली आणि माझ्या डोक्यात हाणली. कागदच तो, लागतोय कुठला. "तू हात चालव. तोंड नाही," म्हणाला. सगळे कामगार बघत होते. तेव्हापासून हातच चालवला. किती साहेबांची अब्रू या हातानं झाकली, त्यांनाही ठाऊक नाही.

कॉलेजातसुद्धा गपच बसलो आधी. ऐकत राहिलो.

सरांचं म्हणणं, सॉफ्टवेअर जुनंच ठेवायचं. ते सरांच्या कॉम्प्युटरवर, पासवर्ड सरांकडं. पोरांनी आपापल्या फायली मेलनं पाठवायच्या. त्या फायलींची नावं ऐकली आणि मलाच हसू आलं. फायनल, फायनल दोन, एकदम फायनल. ऋतुजाला नवीन पाहिजे होतं. इंटरनेटवर चालणारं. सगळी पोरं एकाच ड्रॉइंगावर एकाच वेळी काम करणार. कुणी काय बदललं, त्याच्या नावासकट राहणार. विद्यार्थ्यांना फुकट.

फुकट म्हटलं की मी आधी बघतो, बाहेर पडायचं दार कुठंय. विचारलं, ड्रॉइंग राहतंय कुठं? कंपनीच्या कॉम्प्युटरवर, लांब, ती म्हणाली. म्हटलं, उद्या त्यांनी कुलूप घातलं तर? सर म्हणाले, बघा, आजोबांना पण कळतंय. पोरगी मात्र सरळ बोलली. तर अडचण होईल आबा, म्हणून आठवड्याला एक प्रत आपल्याकडं उतरून ठेवायची. तिनं गोड बोलून झाकलं नाही, ते मला पटलं. पण विश्वास अजून नव्हता. म्हटलं, एक आकडा बदल, मग पुसून टाक. तिनं केलं. पडद्यावर बाजूला दोन्ही उमटलं. बदलला कुणी, पुसला कुणी, किती वाजता. म्हटलं, आता सरांना सांग, त्यांना हे काढून टाकता येतंय का बघू दे. सरांनी दोन-तीन ठिकाणी दाबून बघितलं. गेलं नाही.

तेव्हा मी उठलो. दोन्ही गिअर मागून घेतले, पिनांवर चढवून आधी लेझरच्या प्लेटीवर बसवले. हलेनात. मग माझ्या प्लेटीवर बसवले आणि एका बोटानं फिरवले. फिरले.

म्हटलं, "भोकं मी लांब घेतलीत. आकडा चुकलेला हाय तुमचा."

कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "मग सांगायचं नाही का?"

सांगायचं. कुठं? टेबलावर ड्रॉइंगचा कागद पडलेला. त्याच्या कोपऱ्यात तीन चौकोन असतात. काढलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर केलं कुणी. पन्नास वर्षं बघतोय. केलं कुणी, याचा चौकोन नाही. त्या घटकेला मला कळलं की मी गप बसून साहेबांची अब्रू झाकत नव्हतो, माझंच नाव पुसत होतो. या खेपेला तर पोरांचा रोबोही अडवला माझ्या गप बसण्यानं. ते माझं चुकलं. तेवढंच चुकलं.

नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. ऋतुजा सगळ्यांची नावं त्यात घालायला लागली. मी म्हटलं, माझं पण घाल. सर हसून म्हणाले, "घाल की, आजोबांना बघण्यापुरतं दे. लिहायचं नको, चुकून हात लागायचा."

"बघणाऱ्यांत माझं नाव नको," मी म्हटलं. "लिहिणाऱ्यांत घाला. न्हाईतर पुढची प्लेट दुसऱ्याकडनं करून घ्या."

सर म्हणाले, बघू.

बघू म्हणजे काय, ते या वयात मला शिकवू नका. स्पर्धा तोंडावर आलीय. बेअरिंगच्या पुढच्या तीन प्लेटा माझ्याकडं तशाच पडून आहेत. काल ऋतुजा जेवताना म्हणाली, "आबा, आत्ता बघण्यापुरतं घ्या की. मग मी हळूच बदलते." हळूच. माझ्या घरातलंच पोर मला हळूच म्हणतंय. तिला म्हटलं, "हळूच न्हाय. सरांच्या देखत." ती ताटावरनं उठून गेली. तिची स्पर्धा आहे, मला कळतंय. आत काळजात कळतंय.

तरी सांगतो. आकडा चुकला तर मी त्या ड्रॉइंगात लिहिणार, वाकड्या अक्षरात का होईना, की चुकलाय, आणि खाली माझं नाव दिसणार. माझं चुकलं तर तेही दिसू दे. ते होत नाही तोवर त्यांचं काम मी मशीनला लावणार नाही. नातीचं असलं तरी.