गाणं चालू असताना

उदयपूरच्या हॉटेलात जेवणासोबत गाणंही होतं. गाणाऱ्या बाईंनी सूर लावला आणि माझ्या वडिलांचा हात ताटातच थांबला.

"आप्पा, जेवा की."

"समोर कुणी गातंय, अन् आपण तोंड हलवायचं व्हय रं?"

आमच्या गावात भजन संपल्याशिवाय पंगत बसत नाही. पण इथे शेजारची टेबलं आमच्याकडे बघायला लागली. घरातला पहिला पदवीधर मी, काट्या-चमच्याने खायला शिकलेला. आप्पांना कुणी हसलं तर? त्या धास्तीने मी भराभरा खात राहिलो.

गाणं संपलं. बाईंनी आमच्या टेबलाकडे बघून आप्पांना हात जोडले. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. तोंडातला घास मला गिळताही येईना.