विहीणबाईंनी गाडी बाजूला घेतली

ब्रेकमास्तरांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. ड्रायव्हिंग शिकवण्याच्या धंद्यात हे नवलच. शिकाऊ माणसाने गाडी थेट फुटपाथवर घातली, तरी ते आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबत म्हणायचे, "छान. आता हेच न चढवता करू."

साठीच्या तोंडावर त्यांना मधुमेहाने गाठलं. डॉक्टरीणबाईंनी साखर उतरवणारी एक इवलीशी गोळी दिली आणि बजावलं, "न्याहारीबरोबर घ्यायची. खाणं चुकवायचं नाही." मास्तरांनी त्यातलं गोळीपुरतं ऐकलं. ती घोटभर पाण्याबरोबर गिळली की आपलं काम संपलं, पुढचं ती बघून घेईल, असा त्यांचा हिशोब. बायको रोज समोर बसून खायला लावायची, म्हणून निभावत होतं. पण त्या आठवड्यात ती बहिणीकडे गेली आणि मास्तरांना रान मोकळं मिळालं.

त्या दिवशी उठल्या उठल्या गोळी पोटात गेली, न्याहारी राहिली. शिकणाऱ्यांची रीघ लागली होती, म्हणून जेवणही लांबलं. शेवटी गाडीत येऊन बसल्या विहीणबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई. दोनदा परीक्षेत नापास झालेल्या. त्यांना शिकवणं म्हणजे तारेवरची कसरत. चूक दाखवावी तर नातं आड यायचं.

चौकात त्यांनी गिअर खरडवला आणि मास्तर कडाडले, "विहीणबाई, गाडी चालवताय की गाडीशी भांडताय? डावीकडे घ्या!" हात मात्र उजवीकडे.

विहीणबाईंचा चेहरा पडला. सुनेच्या बापाने असं बोलावं? उत्तर ओठांवर आलं होतं, पण वळून बघितलं तर मास्तरांची कॉलर घामाने भिजलेली, बोटं थरथरत होती आणि नजर कुठेतरी भलतीकडेच. हा माणूस रागावलेला नाही, याला काहीतरी होतंय, हे त्यांनी ताडलं. आरसा बघितला, इंडिकेटर लावला आणि गाडी अलगद बाजूला लावली.

"व्याही, सकाळपासून काय खाल्लंत?"

"गोळी," मास्तर जड जिभेने म्हणाले.

समोरच्या दुकानातून त्या साखरेच्या सरबताची बाटली आणि पाव घेऊन आल्या. मास्तर अजून शुद्धीवर होते, गिळता येत होतं. घोट घोट करत त्यांनी बाटली संपवली. पाठोपाठ विहीणबाईंनी पाव खायला लावला. थोड्या वेळात मास्तर माणसात आले आणि लगेच म्हणाले, "चला, रिव्हर्स राहिलाय."

किल्ली विहीणबाईंच्या पर्समध्ये गेली होती. टॅक्सी करून त्यांनी व्याह्यांना दवाखान्यात नेलं.

"ही सल्फोनिलयुरिया गटातली गोळी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध चांगलं आहे, जुनं आहे, स्वस्तही आहे. पण ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती विचारत बसत नाही. आणि तिचा असर बराच वेळ राहतो, एका सरबताने भागत नाही. साखर पुन्हा उतरू शकते. आज इथेच थांबा."

तपासणीत मूत्रपिंडं जरा मंदावल्याचं दिसलं. म्हणजे गोळी अंगात जास्त रेंगाळत असणार. डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला, आणि साखर स्थिर होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. मास्तरांनी या वेळी शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते विहीणबाईंकडे गेले. "काल तोंडून भलतंच निघून गेलं. राग मानू नका."

"राग कसला? दोन महिने नुसतं 'छान, छान' ऐकतेय. माझी खरी चूक काल पहिल्यांदा कळली. गिअर खरडतो, कारण क्लच पुरता दाबतच नाही मी."

मास्तर ओशाळून हसले. विहीणबाईंनी खाण्याची बशी पुढे सरकवली. "आधी हे संपवा. मग सांगा, माझं आणखी काय काय चुकतं."

मास्तरांनी बशी पुढ्यात ओढली आणि खाता खाता सांगायला घेतलं. यादी बरीच लांबली.