काकांच्या तेराव्याचा साफा

काका गेल्याची बातमी आली तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवशीचा चहा छान लागला, आणि हे मी बायकोला सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "अहो, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये." मी म्हटलं, करू नये असं बरंच काही त्यांनीही जिवंतपणी केलं.

आमचं कूळ राजपुतांचं. पूर्वज मेवाडातून निघाले, तापीकाठी कुणाच्या तरी बाजूने लढले आणि जहागीर मिळाल्यावर तिथेच राहिले. गढी, केळीचे मळे, कापसाची काळी जमीन, देवीचं देऊळ, हे सगळं मी फक्त ऐकून आहे. माझे वडील त्या घरातले थोरले. गढीचा मान त्यांचा होता. पण त्यांनी राजपूत नसलेल्या एका शिक्षिकेशी, म्हणजे माझ्या आईशी, लग्न केलं. धाकट्या भावाने, म्हणजे याच काकांनी, आजोबांचे कान भरले आणि वडिलांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. ते डोंबिवलीला आले, एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात लागले आणि तिथेच निवृत्त झाले.

दसऱ्याला तिकडे गढीवर तलवारी पुजल्या जायच्या. इकडे वडील पाटावर पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि आईची विळी मांडायचे, कुंकू लावायचे आणि पहिल्या पुरुषापासून वंशातली नावं म्हणायचे. आजोबांच्या नावापर्यंत आवाज खणखणीत असायचा. पुढे स्वतःचं नाव यायचं, तिथे ते गप्प व्हायचे आणि नारळ फोडायला घ्यायचे. काकांवरचा माझा राग तिथला आहे. जमीन गेली त्याचं मला कधीच काही वाटलं नाही.

काकांनी शेवटची वर्षं ठाण्यात मुलाकडे काढली. तेराव्यासाठी त्याने कोपरीत हॉल घेतला आणि मला फोन केला.

"दादा, तुम्हाला यावंच लागेल. झालं गेलं सोडून द्या."

सोडून देण्याची घाई का होती ते मला ठाऊक होतं. आमच्यात कर्ता गेला की तेराव्याला भाऊबंदांसमोर वारसाच्या डोक्याला साफा, म्हणजे फेटा, बांधतात, आणि पहिला पेच, म्हणजे कापडाचा पहिला वेढा, जवळच्या घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाच्या हातचा लागतो. जवळच्या घरातले बाकीचे वडीलधारे एकेक करून गेले होते. उरलो होतो मी. माझा हात लागल्याशिवाय भाऊबंद त्याला गढीचा धनी मानणार नव्हते. त्यातून त्याच्या मुलीचं लग्न उदयपूरकडच्या मोठ्या घराण्यात ठरलेलं, आणि ते व्याही पहिल्या रांगेत बसलेले. मी इस्त्रीचे कपडे घातले आणि गेलो.

साफा बांधण्याआधी कुळाचा भाट वंशावळ म्हणतो. राजस्थानातून आलेला हा म्हातारा डोळे मिटून सुरू झाला. कोण कुठल्या लढाईत पडला, कुणी देऊळ बांधलं, कुणाच्या राण्या सती गेल्या, सगळं एका लयीत. मी साफ्याचं एक टोक हातात धरून उभा होतो. चुलतभाऊ समोर मान खाली घालून बसला होता. भाट आजोबांपर्यंत आला आणि म्हणाला, त्यांचे पुत्र एक. मग काकांचं नाव घेतलं.

 मी हळूच विचारलं, "एकच?"

भाटाने डोळे उघडून चुलतभावाकडे पाहिलं. तो पुटपुटला, "दादा, नंतर बोलू ना. पाहुणे आहेत."

"पाहुण्यांसमोरच बोलू," मी म्हटलं. "माझा बाप वंशात नसेल तर मी तुमचा कुणी नाही. मग माझ्या हातचा पेच कसा चालतो? आणि बाप वंशात असेल, तर त्याचं नाव घ्या."

पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली.  सगळे चुलतभावाकडे बघायला लागले. त्याने एकदा व्याह्यांकडे पाहिलं. शेवटी त्याने माझ्या वडिलांचं नाव घेतलं.

"थोरले का धाकटे?" मी विचारलं.

"थोरले," तो म्हणाला.

कल्याणहून आलेले एक म्हातारे भाऊबंद लगेच बोलले, "थोरल्याचा मुलगा उभा असताना धाकट्याच्या मुलाला साफा? हे आपल्यात बसत नाही." त्यांनी साफ्याची थाळी उचलून माझ्यापुढे धरली. मी हातातलं टोक थाळीत ठेवलं आणि म्हटलं, मला नको. व्याही उठले. त्यांनी कुणाचा निरोपही घेतला नाही.

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, आजही आठवलं की बरंच वाटतं.

मी चपला घालत होतो, तेव्हा चुलतभाऊ जिन्यापर्यंत मागे आला. डोळे लाल झाले होते. म्हणाला, "दादा, सगळी माणसं खाली थांबली आहेत. मी असा उघड्या डोक्याने त्यांच्यातून कसा जाऊ?"

मी म्हटलं, "सवय होते. माझे वडील तसेच कामाला जायचे."