एक थांबा पुढं

सायकलवर टांग टाकली की मामा आधी दोनदा घंटी वाजवायचे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. एस्टीत कंडक्टर म्हणून उमर काढलेला माणूस. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. निवृत्त झाले तरी "डबल" वाजवल्याशिवाय त्यांचं चाक फिरत नसे.

परतूरला ते माझ्या किराणा दुकानाशेजारी एकटेच राहत. तुमच्याही गल्लीत असेल असा एखादा, ज्याला खुर्ची टोचते.

एकदा छातीत कळ येऊन गेली, तेव्हा मंठ्याला दिलेली एकुलती लेक हटून बसली. आता एकटं राहायचं नाही, माझ्याकडं या. मामांनी पैज लावली. "सायकलनं मंठ्याला यीन, जेवीन अन् त्याच दिवशी सायकलनं परत जाईन. जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा न्हाई."

डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढवा, पण सोबत कुणीतरी ठेवा. मामा माझ्या मानगुटीवर बसले. "शेठ, पोट बघा जरा तुमचं. चला."

पहिल्या दिवशी गावाबाहेरच्या पहिल्या थांब्यापर्यंत गेलो आणि दोघंही धापा टाकत बसलो. मंठ्याच्या रस्त्यावर एस्टीचे जेवढे थांबे, तेवढा आमचा अभ्यासक्रम. एक पचला की पुढचा.

"शरीराला एकदम मंठा दाखवला तर ते घाबरतं. पुढं सरका, पुढं सरका म्हणत न्यायचं." थांबा आला की एक घंटी, पाय टेकवून श्वास खाली बसू द्यायचा, मग डबल.

आठवड्यात एक दिवस विसावा होता. तो मला फार जड जाई. मामा दुकानात येऊन उभे राहत, टायर अंगठ्यानं दाबत, पुसलेली चेन पुन्हा पुसत.

"बसा की घटकाभर," मी वैतागून म्हणे.

"बसलो की मंठ्याला नेऊन ठिवतील मला."

हिवाळ्यापर्यंत ते चढ न थांबता चढू लागले. माझाही पट्टा एक भोक आत गेला. मी सांगितलं नाही, त्यांनी गल्लीभर केलं असतं.

मग एका गार सकाळी मंठ्याला निघालो. पोचलो तर लेक गावाच्या तोंडाशीच रस्त्यात उभी, पायात चप्पल नाही.

"कवाधरून उभी हायेस गं?"

"उजाडल्यापासून. लहानपणी तुमच्या गाडीची वाट बघायचे तशी. बाबा, मधी रस्त्यात कळ आली असती तर?"

जेवताना मामा तिच्या अनवाणी पायांकडं बघत होते. जेवण झालं तसे टायर दाबून सीटवर बसलेसुद्धा. लेक दारात उभी, पैज हरलेली. मी पुढं झालो आणि मागून डबलची वाट बघत राहिलो.

एकच घंटी वाजली.

वळून पाहिलं. मामा पाय टेकवून उभे होते. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "शेठ, हरलो म्हणून सांगा गल्लीत. म्या येत-जात राह्यलो तर ही रोज अशीच उभी राहील."

हरले म्हणे. सबंध रस्ताभर धापा टाकत मी आलो होतो, ते नाही.

परत एकटाच आलो. वाटेत रडलो, त्यात लाज कसली. आता सकाळी एकटाच निघतो. त्यांच्या दाराच्या कुलपासमोर आलो की हात घंटीवर जातो. एकदा वाजते. दुसऱ्यांदा वाजवायला जीव होत नाही, म्हणून पाय टेकवून जरा उभा राहतो.