घाबरू नका, हा आवाज माझा नाही

गेल्या चतुर्थीला राजूरला एका आईने माझी घोषणा ऐकली आणि सोडून दिली... तिचं लेकरू माझ्याशेजारी बसून रडत होतं. चूक त्या आईची नाही. कुणाची, ते सांगायलाच हे लिहिते आहे.

शाळेतून रिटायर झाल्यापासून मी दर चतुर्थीला जालन्याहून राजूरला जाते. गणपतीला गर्दी होते, गर्दीत मुलं हरवतात, आणि माइकवर मी बसते. नवस वगैरे काही नाही... आवाज आहे, तो कुणाच्या उपयोगी पडावा एवढंच.

हा आवाज मला देवाने आयता दिलेला नाही, बरं का. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर शेवटच्या बाकामागे उभ्या राहायच्या, आणि वाक्याचं शेवटचं अक्षर तिथवर पोचलं नाही तर अख्खा धडा पुन्हा वाचायला लावायच्या. पुढे सगळी नोकरी घशावर काढली.

घोषणेची रीतही माझीच. मुलाचं नाव मी माइकवर कधीच घेत नाही. नाव ऐकलं की आई बेभान धावत सुटते आणि रांगेत रेटारेटी होते. शिवाय नाव कळलं की कोणीही येऊन मुलाला हाक मारू शकतो. म्हणून माझी सुरुवात ठरलेली... "घाबरू नका माय, लेकरू माझ्याजवळ आहे." मग कपडे सांगायचे. नाव आईने येऊन मला सांगायचं.

मागच्या महिन्यात मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खालून एक टेम्पो गेला आणि त्याच्या भोंग्यातून मीच बोलत होते! "घाबरू नका माय, तुमची कपाशी माझ्याजवळ आहे..." आणि पुढे कुठल्याशा टॉनिकची तारीफ.

माझा स्वर, माझी थांबण्याची जागा, 'माय' म्हणतानाचा माझा हेल. शेजारच्या काकूंनी खालूनच विचारलं, "बाई, जाहिरातीत काम करून राह्यल्या का? आम्हाला सांगितलं बी न्हाई!"

टेम्पोवर नाव होतं त्या कृषी सेवा केंद्रात मी तडक गेले. मालक मोठा गोड माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "तुमचा व्हिडिओ फिरत होता मोबाईलवर. त्याच्यावरून कॉम्प्युटरनं बनवला. तुमच्यासारखा आहे मॅडम, तुमचा न्हाई."

मी म्हटलं, "उद्या मी तुमच्या चेकवर सही करते. तुमच्यासारखी असेल, तुमची नसेल. चालेल?"

तो हसला. "बिलकुल टेन्शन घेऊ नका. अख्ख्या जिल्ह्यात तुमचा आवाज होऊन राह्यला!" चहा तसाच ठेवून मी उठले.

माझा भाचा वकील आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, लिहिलेल्या मजकुराला कॉपीराइट असतो, रेकॉर्डिंगला असतो, नुसत्या आवाजाला नाही. नटांचे, गायकांचे आवाज असे वापरायला कोर्टांनी मनाई केली आहे... "पण मावशी, तू सेलिब्रिटी नाहीस ना. आपल्याला तुझं नुकसान दाखवावं लागेल."

म्हणजे चोरी झाली एवढं पुरेसं नाही. चोरीला गेलेली वस्तू आधी प्रसिद्ध पाहिजे! त्या दिवशी मी भाच्यावरच इतकं तोंडसुख घेतलं की बिचाऱ्याने फोन बाजूला ठेवला असावा.

मग चतुर्थी आली. तो टेम्पो सकाळपासून देवळाच्या रस्त्यावर उभा... भोंगा चालूच. आत मी, बाहेर ती भोंग्यातली मी.

दुपारी कोणीतरी एक मुलगी आणून दिली. पिवळा फ्रॉक, एकाच पायात चप्पल. मी नेहमीप्रमाणे घोषणा केली. पुन्हा केली. पुन्हा केली. कोणी आलं नाही. हळूहळू मुलीचं रडणं थांबलं... ते रडण्याहून वाईट असतं.

शेवटी मी माझाच नियम मोडला. तिला नाव विचारलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माइकवर लेकराचं नाव घेतलं... ईश्वरी.

रांगेतून एक बाई किंचाळत सुटली. लोक रेटले गेले, एक म्हातारी रेलिंगवर आदळली, तिचा गुडघा फुटला. ज्याची भीती होती, नेमकं तेच झालं.

ती बाई म्हणजे मीरा, कुंभार पिंपळगावची. लेकीला तिने घट्ट धरलं होतं. "बाई, मी कधीची रांगेतच हुडकून राह्यले हिला. तुमचा आवाज आल्ता कानावर... पण 'घाबरू नका माय' ऐकलं अन् मला वाटलं, ती औषधवाली बाईच आहे. सकाळपासून तेच चालू आहे. मंग मी पुढचं ऐकलंच न्हाई."

मी त्या म्हातारीच्या गुडघ्याला हळद लावायला बसले.

भाच्याला संध्याकाळी सांगितलं, घे तुझं नुकसान. त्याने नोटीस पाठवली आहे. दुकानदाराचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि टेम्पो आता दुसऱ्या गावांतून फिरतो आहे असं ऐकते.

मीराचा मात्र काल फोन आला. "बाई, कोर्टात बोलवा, मी येते. जज साहेबाला सांगते, ही बाई लेकरू देते, ती बाई औषध विकते. मला फरक कळतो आता."

मीरा, तुझे आभार कसे मानू? कायद्याला पटायचं तेव्हा पटेल, पण माझा आवाज माझा आहे हे तुला पटलं.

येत्या चतुर्थीलाही मी माइकवर बसणार आहे. फक्त सुरुवात कुठल्या शब्दांनी करायची, ते अजून ठरत नाही... माझे शब्द टेम्पोत फिरत आहेत.