इंजीचा डोहाळा

सोमवार, ६ मे २०२४. शम्म-अन-नसीम, आमचा वसंताचा सण. सारी गल्ली फसीख आणि पातीचे कांदे घेऊन समुद्रावर गेली. इमारतीत उरलो इंजी आणि मी.

इंजी माझ्या वरच्या मजल्यावर राहते. सहावा महिना आहे आणि रक्ताचा कर्करोग. बाळंतपणापर्यंत थांबलात तर दोघेही जातील, असे डॉक्टर म्हणाले, म्हणून पोटात मूल असतानाच केमो चालू केली. केस गेले. आता पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या आहेत की कुणी भेटायचे नाही, कच्चे काही खायचे नाही. नवरा बंदरात पाळीवर जातो तेव्हा ती एकटी. आम्ही बोलतो ते बाल्कनीतून.

दुपारी तिच्या सासूबाईंनी, हाज्जा फौकेयांनी, रस्त्यावरून हाक दिली. इंजीने दोरीची टोपली खाली सोडली, भरल्यावर ओढू लागली. टोपली माझ्या कठड्याशी आली आणि वास आला. फसीख म्हणजे मिठात आंबवलेला कच्चाच मासा. मी टोपली धरली.

"तेरेझ मावशी, सोडा ना," वरून इंजी म्हणाली.

"नाही सोडत."

"डोहाळा लागलाय तिला," खालून हाज्जा म्हणाल्या. "नाही पुरवला तर पोराच्या तोंडावर माशाचा डाग उठेल. तुम्ही येणार पुसायला?"

"डाग उठायला पोर जन्माला यावं लागतं, हाज्जा."

वरून दोरी ताणलेलीच होती.

"औषध घेतलं तर पोटातल्याची भीती, नाही घेतलं तर दोघांची," इंजी म्हणाली. "दार उघडायचं नाही. आता मासासुद्धा नाही. मी करू तरी काय, मावशी?"

मी टोपली सोडली नाही. शेवटी दोरी सैल झाली.

"मग तुम्हीच खा. तिथंच बसून. कसा आहे ते सांगत राहा."

"इंजी, हात तोंडाला लावू नकोस गं," हाज्जा ओरडल्या. "मांडीवर ठेव. आईचा हात लागेल तिथंच पोराला डाग उठतो; मांडीवर उठलाच तर झाकलेला राहील."

मी खुर्ची आणली, लिंबू पिळले.

"खारट आहे. जरा जास्तच."

"आणि कांदा?"

"नाकात जातोय."

मी वाकून वर पाहिले. कठड्याच्या गजांतून तिचे दोन्ही हात दिसत होते, मांडीवर घट्ट दाबलेले.

संध्याकाळी बशी व्हिनेगरने दोनदा धुतली. वास गेला नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली आहे.